एक पैसा देणार नाही

पतपेढीच्या गुणगौरव समारंभाचे प्रमुख पाहुणे कुडाळहून वेळेवर निघाले होते, पण लांज्याच्या अलीकडे हायवेच्या खोदकामात त्यांच्या गाडीचं चाक रुतलं आणि ते तिथेच बसले. इकडे रत्नागिरीत हॉल भरला होता. मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली होती, आयांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या आणि मागच्या खोलीत तळलेल्या बटाट्यावड्यांचा वास सगळ्यांना बेचैन करत होता. अध्यक्ष संदेश शिवलकर दर थोड्या वेळाने फोन कानाला लावून बाहेर जात आणि परत येऊन ‘निघालेत, निघालेत’ असं सांगत. शेवटी त्यांनी स्वागतगीत दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. तेही संपल्यावर त्यांनी समोरच्या रांगांवरून नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी दिसणाऱ्या माणसावर बोट ठेवलं. ते होते परशुराम नाचणकर.

परशुरामभाऊ बंदर खात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. उभ्या नोकरीत त्यांनी कुणापुढे भाषण केलं नव्हतं. स्वतःच्या निरोपसमारंभातसुद्धा ते ‘आभारी आहे’ एवढंच म्हणून खाली बसले होते. त्यांचा मुलगा गुरुप्रसाद याला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता आणि त्याचा सत्कार म्हणून ते, पत्नी मालिनीबाई आणि गुरू असे तिघंही आले होते. भाऊंनी खूप नको नको केलं. पण शिवलकरांनी त्यांना दंडाला धरून स्टेजवर चढवलं आणि कानात सांगितलं, ‘‘काहीपण बोला भाऊ. स्वतःबद्दल बोला.’’

आता स्वतःबद्दल बोलायचं म्हटल्यावर भाऊंना एकच गोष्ट आठवली, आणि ती त्यांनी आजवर मालिनीबाईंनाही धड सांगितलेली नव्हती. तेही शाळेत पहिले यायचे. त्यांनाही सांगलीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. त्यांच्या वडिलांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ते नुसते पडवीत सुपाऱ्या सोलत बसले. प्रवेशाची शेवटची तारीख आली, संध्याकाळची एस.टी. फाट्यावरून निघून गेली, आणि त्यानंतर त्या घरात सांगलीचं नाव पुन्हा निघालं नाही. हे सगळं भाऊ माइकसमोर अडखळत सांगत होते. ‘‘माझ्या वडिलांनी मला एक पैसा दिला नाही,’’ इथपर्यंत ते आले आणि पुढचं त्यांना बोलवेना. ते थांबले.

त्या थांबण्याचा मागच्या रांगेतल्या कुणीतरी भलताच अर्थ लावला. त्याला वाटलं, वाक्य संपलं आणि टाळ्यांची जागा आली. त्याने टाळी वाजवली. एकाने वाजवल्यावर दुसऱ्याने वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या पिटू लागला. भाऊ गोंधळून समोर बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यासाठी एवढ्या टाळ्या पडत होत्या. त्या कशासाठी पडताहेत ते त्यांना कळत होतं, आणि तसं नाहीये हे सांगायला हवं हेही कळत होतं. पण टाळ्या थांबल्या तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘आणि म्हणूनच मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो.’’

पुन्हा टाळ्या. यावेळी वडील मंडळींचा जोर जास्त होता. भाऊंचा आवाज सुटला. मुलांना आयतं मिळालं की किंमत राहत नाही, असं ते म्हणाले. कर्ज डोक्यावर असलं की पोरगं पहाटे उठतं, असंही म्हणाले. आणि मग, ज्याचा त्यांनी घरी कधी उच्चारसुद्धा केला नव्हता, ते वाक्य ते बोलून गेले. ‘‘माझ्या मुलालाही मी सांगून ठेवलंय. एक पैसा देणार नाही. कर्ज काढ, शीक आणि फेड.’’

हॉल दणाणला. मालिनीबाईंचे टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. त्यांच्या शेजारी गुरू वडिलांकडे टक लावून बघत होता. मग त्यानेही टाळ्या वाजवल्या, जरा उशिरा आणि हळू.

खरी गोष्ट अशी होती की गुरू जन्मला त्या महिन्यापासून भाऊ पगारातून त्याच्या कॉलेजसाठी काढून ठेवत होते. त्यापायी त्यांनी स्कूटर घेतली नाही, घराच्या माडीचं काम काढलं नाही, चपला झिजल्या की चांभाराकडून शिवून आणल्या. साठत गेलेली ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत होती. ते पैसे द्यायचे कसे तेही त्यांनी ठरवलेलं होतं. गुरूला बरोबर घेऊन बँकेत जायचं, त्याच्यासमोर ठेव मोडायची आणि म्हणायचं, हे घे, जा. त्या दिवशी गुरूचा चेहरा कसा होईल, हे त्यांनी ऑफिसात फायली लावताना, बसच्या रांगेत, दाढी करताना कितीदा पाहिलं होतं.

रिक्षातून घरी येताना मालिनीबाई बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र त्या बोलल्या, आणि पुष्कळ बोलल्या. भाऊंनी ऐकून घेतलं. आधी पोराला सांगून टाकू, असं ठरवून ते सकाळी चहाला बसले, तर गुरूच्या हातात कर्जासाठी लागणाऱ्या कागदांची यादी होती.

‘‘अरे, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो,’’ भाऊ म्हणाले.

‘‘असू दे बाबा. बरोबरच बोललात,’’ गुरू म्हणाला आणि त्याने आईला रेशनकार्ड कुठे आहे ते विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंना काही म्हणता आलं असतं.

इथवर हे घरातल्या घरात निस्तरलं असतं. पण शिवलकरांनी भाषण मोबाइलवर घेतलं होतं, आणि त्यातला शेवटचा तुकडा त्यांनी कौतुकाने सगळ्या ग्रुपवर टाकला. मारुती मंदिराशी भाजी घेताना लोक भाऊंना थांबवू लागले. पुरुष हात हातात घेऊन म्हणत, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. बायका मान फिरवत. शेजारच्या मालनवहिनींकडून रोजचा कढीपत्ता यायचा बंद झाला, कारण त्यांच्या यजमानांनी पोराला हॉटेल मॅनेजमेंटची फी तूच बघ म्हणून सांगितलं होतं. मग एका पतसंस्थेचे लोक पेढे घेऊन आले. त्यांच्या शैक्षणिक कर्ज मेळाव्याला भाऊंनीच पाहुणे म्हणून यायचं होतं. भाऊ नाही म्हणत असताना त्यांनी फोटो काढून घेतला, आणि त्या आठवड्यात साळवी स्टॉपला फलक लागला. त्यावर भाऊंचं उघडं तोंड होतं, आणि शेजारी ठळक अक्षरांत, ‘कर्ज काढ, शीक आणि फेड’. भाऊ तिथून जाताना ऊन असलं तरी छत्री उघडत.

हे सगळं ते सोसत होते. सोसवलं नाही ते सोनूबाईचं येणं.

सोनूबाई नाटे गावची. भाऊंची काही वर्षं नाट्याला बदली होती तेव्हा ते तिच्या घराशेजारी बिऱ्हाड करून होते. तिचा नवरा रामा मच्छीमारीचा धंदा करायचा आणि गुरूला, तो लहान असताना, होडीतून खाडीत फिरवून आणायचा. रामा भाऊंना फार मानायचा. साहेब बोलले म्हणजे विचार करूनच बोलले असणार, असा त्याचा विश्वास होता. त्यांची मुलगी श्रद्धा, तिला रत्नागिरीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता.

सोनूबाई दारात बसली, आत आली नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही.

‘‘साहेब, तुमचा तो व्हिडिओ माज्या घोवाने पाठ केलान,’’ ती म्हणाली. ‘‘पैसे हायत घरात. पोरीच्या फीचे म्हणून ठेवलेले. आता म्हणतो, होडीला नवीन इंजिन घेणार. पोरीला सांगितलान, नाचणकर साहेब आपल्या झिलाला देत नाहीत, मी कशाला देऊ? कर्ज काढ.’’ मग पदराने डोळे पुसत ती म्हणाली, ‘‘कर्जाच्या कागदावर सही पण करीत नाही तो. इंजिनाच्या कागदावर केलीन.’’

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. पकडून पावस, पूर्णगड करत नाट्याला गेले.

पावसाळ्यामुळे मासेमारी बंद होती. होड्या वर ओढून झाकलेल्या होत्या आणि रामा पडवीत जाळं पसरून त्याची भोकं विणत बसला होता. भाऊंना बघून तो लगबगीने उठला, खुर्ची पुसून दिली. भाऊंनी वेळ काढला नाही. आपण खोटं बोललो, असं त्यांनी सरळ सांगितलं. गुरूसाठी पै पै करून साठवलंय, त्या दिवशी टाळ्या पडल्या आणि तोंडून भलतंच निघून गेलं, असं सगळं सांगितलं. एवढं मोकळं ते आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते.

रामाने मनापासून ऐकलं आणि तो हसला. सोनूने तुम्हाला रडून दाखवलं असेल, म्हणून तुम्ही असं बोलताय, असं त्याचं म्हणणं पडलं. भाऊ शपथ घ्यायला निघाले. तेव्हा रामाने मोबाइल काढला, सरळ गुरूला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा तो जाळ्यावर ठेवला. तुझे बाबा तुला कॉलेजचे पैसे देणार की नाही, एवढंच त्याने विचारलं.

पलीकडे गुरूने ते ऐकलं. वडिलांचा शब्द आता सगळ्या जिल्ह्यात फिरतोय, आपण तो खाली पडू द्यायचा नाही, असं त्या पोराने मनात धरलं असणार. ‘‘नाही काका,’’ तो म्हणाला. ‘‘बाबा बोलले तेच खरं. मी कर्ज काढतोय. बँकेत अर्जसुद्धा दिलाय.’’

रामाने फोन बंद केला. ‘‘साहेब, पोरगा तुमच्यासारखाच निघाला,’’ तो कौतुकाने म्हणाला. ‘‘शब्दाचा पक्का.’’

भाऊ त्या जाळ्याकडे बघत बसले. आत दाराआड श्रद्धा उभी होती. तिची फक्त ओढणी दिसत होती. सांगलीची गाडी निघून गेली त्या संध्याकाळी आपणही असेच दाराआड उभे होतो, हे भाऊंना आठवलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, ‘‘मग असं कर रामा. श्रद्धाची फी मी भरतो. माझे पैसे तसेही पडून राहणार आहेत.’’

हे ते अगदी मनापासून बोलले होते. पण रामाच्या हातातली विणायची सुई थांबली. त्याचा चेहरा हळूहळू काळवंडला.

‘‘माज्या पोरीची फी तुमी भरणार?’’ तो म्हणाला. ‘‘का? मी काय मेलोय?’’

भाऊंनी पुष्कळ सारवासारव केली, पण रामाने पुन्हा जाळ्यात डोकं घातलं. चहा टाकलेला होता, तो बाहेर आलाच नाही. भाऊ उपाशीपोटी परतीच्या गाडीत बसले. दोन दिवसांनी सोनूबाईचा फोन आला. रामाने इंजिनवाल्याकडून विसार परत आणला होता आणि श्रद्धाला घेऊन जाऊन सगळ्या वर्षाची फी एकदम भरली होती. आता तो गावभर सांगत होता की नाचणकर साहेबांनी माझा अपमान केला, त्यांचं तोंड बघणार नाही. सोनूबाई हसत होती, रडतही होती. बोलता बोलता तिने सहज विचारलं, ‘‘आणि आपल्या गुरूचं काय ठरलं?’’

गुरूचं ठरलं ते असं. पाच वर्षांची फी आणि राहण्याखाण्याचा खर्च धरून जी रक्कम झाली, तेवढं कर्ज बँक नुसत्या सहीवर देईना. काहीतरी तारण हवं होतं. राहतं घर तीन भावांच्या नावावर होतं, ते चालेना. मॅनेजर बाई विदर्भातल्या होत्या, नवीन आल्या होत्या आणि त्यांनी भाऊंचं भाषण ऐकलेलं नव्हतं. त्यांनी संगणकात डोकावून पाहिलं आणि त्या खूश झाल्या. ‘‘काका, तुमची आमच्याकडे मोठी ठेव आहे ना. तीच तारण ठेवू या,’’ असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. एवढी ठेव आहे तर तीच मोडून फी का भरत नाही, व्याज कशाला अंगावर घेता, असं त्यांनी विचारलं.

भाऊंनी गुरूकडे पाहिलं. आता तरी हा काही म्हणेल, असं त्यांना वाटलं.

‘‘माझी इच्छा आहे मॅडम,’’ गुरू म्हणाला.

भाऊंनी सही केली. ज्या पैशांसाठी त्यांनी चपला शिवून घातल्या, ते पैसे आता गुरूचं कर्ज फिटेपर्यंत त्यांना हलवता येणार नव्हते. मॅनेजर बाईंनी दोघांचं अभिनंदन केलं.

बाहेर पाऊस कोसळत होता. बँकेच्या समोर चहाची टपरी होती, तिच्या पत्र्याखाली दोघं उभे राहिले. भाऊंनी शेवटी सगळं बोलून टाकलं. ती ठेव तुझीच आहे, तुझ्या जन्मापासूनची आहे, मी स्टेजवर चढलो ते दुसरंच सांगायला, असं ते पावसाच्या आवाजावर आवाज चढवून सांगत राहिले.

‘‘मला माहितीय, बाबा,’’ गुरू म्हणाला. ‘‘लहान होतो तेव्हापासून माहितीय. तुम्ही चपला शिवून आणायचात आणि आई म्हणायची, गुरूच्या कॉलेजला लागतील ना पैसे. स्कूटर नाही घेतलीत तेव्हाही तेच. मला कमी मार्क पडले की मी रडायचो ना, ते मार्कांसाठी नव्हतं.’’ तो ग्लासातल्या चहाकडे बघत होता. ‘‘त्या दिवशी तुम्ही देणार नाही म्हणालात तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं. मग घरी येईपर्यंत एकदम हलकं वाटायला लागलं. बँकेचं कर्ज फेडता येतं, बाबा. तुमचं मी कसं फेडणार होतो?’’

फेडायचं कुणी सांगितलं होतं तुला, असं भाऊंच्या अगदी ओठांवर आलं. पण मुदत ठेव मोडायच्या दिवशीचा गुरूचा जो चेहरा ते इतकी वर्षं मनात बघत आले होते, तो त्यांना आठवला. त्या चेहऱ्यावर त्यांना काय हवं होतं, हे त्यांना त्या टपरीखाली पहिल्यांदा नीट दिसलं. आपल्याला कुणी न दिलेलं आपण दिलं, हे त्यांना त्या पोराच्या डोळ्यांत वाचायचं होतं. आपल्या वडिलांशी असलेला जुना हिशेब त्यांनी पोराच्या अंगावर चुकता करायला काढला होता, आणि पोराला त्याचं ओझं पाळण्यापासून होत होतं.

चहाचे पैसे गुरूने दिले. भाऊंनी देऊ दिले.

पुण्याला जायच्या दिवशी ते त्याला सोडायला स्टँडवर गेले. सामान टपावर चढवलं, खिडकीशी उभं राहून जेवणाखाण्याचं बोलले, गाडी सुटली. घरी आल्यावर त्यांनी पतसंस्थेला घसा बसल्याचं कळवलं. मेळावा त्यांच्याशिवायच झाला आणि म्हणे चांगला झाला. फलकावर पुढे एका दंतवैद्याची जाहिरात आली. मालनवहिनींचा कढीपत्ताही सुरू झाला. सगळं जागेवर आलं, फक्त घरात बोलायला काही उरलं नाही. मालिनीबाई संध्याकाळी तीन भाकऱ्यांचं पीठ मळत आणि मग त्यातलं थोडं काढून झाकून ठेवत.

सहकर्जदार म्हणून भाऊंच्या मोबाइलवर बँकेचे संदेश येत. शिक्षण संपेपर्यंत हप्ता भरायचा नव्हता, पण व्याज मात्र साठत होतं, आणि त्याचा आकडा येई. असा पहिला संदेश आला तेव्हा भाऊंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी सदरा चढवला, बँकेत गेले आणि पेन्शनमधून ते व्याज भरून टाकलं. मालिनीबाईंना सांगितलं नाही. घरी येताना त्यांची चाल जरा झपाझप पडत होती.

पैसे भरल्याचा संदेश बँकेने गुरूलाही पाठवला होता. दुपारी त्याचा फोन आला.

‘‘बाबा, खात्यात पैसे तुम्ही भरलेत?’’

‘‘नाही रे,’’ भाऊ म्हणाले.

पलीकडे पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. भाऊंना वाटलं, आता तो रागावेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आभार मानेल. ते फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले.

‘‘बाबा,’’ गुरू म्हणाला, ‘‘इथे पाऊस आहे खूप. मला छत्री घ्यायला थोडे पैसे पाठवाल?’’

छत्री भाऊंनी निघायच्या दिवशी स्वतःच्या हाताने त्याच्या बॅगेत कोंबली होती. चेन लागत नव्हती म्हणून दोन शर्ट बाहेर काढले होते, त्यावरून त्याचं नि त्यांचं थोडं वाजलंही होतं.

‘‘पाठवतो की,’’ भाऊ म्हणाले. ‘‘कसली हवी? घडीची, का लांब दांड्याची?’’

गुरूने जरा विचार केला आणि घडीची चालेल म्हणून सांगितलं.